पावणेतीन ते पाच

केसपेपरवर 'तक्रार' ह्या शब्दापुढं
मी आधी लिहिलं, झोप नाही.
मग खोडलं.
मष्णू घाडी, वय एक्केचाळीस,
खानापुरात कौलांच्या कारखान्यावर रात्रीचा राखणदार,
सांगत होता, झोपेचं नव्हे वं बाई,
मला नेलं होतं.

पावणेतीनला त्यानं भट्टीत लाकडं सारली, घड्याळ बघितलं.
मग निळा उजेड, आवाज न करणारा.
मग अंगाचा दगड. छातीवर कोणतरी बसलेलं,
बुटकं, डोळे मात्र म्हशीएवढे.
त्यानंतर एकदम मलप्रभेच्या पलीकडं, उसाच्या बांधावर,
पाच वाजता,
पायात एकच चप्पल
आणि ती कोरडी.

डॉक्टर हंचिनमनींनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.
म्हणाले, स्वप्न पडताना शरीर आतून कडी घालतं,
नाहीतर माणूस झोपेतच पळत सुटेल.
कधी डोळे आधी जागे होतात, कडी मागं राहते.
छाती दडपते, कोपऱ्यात कोणी आहे असं वाटतं,
आणि त्या कोणाला तरी मेंदू
एक तोंड देऊन टाकतो.
मष्णूच्या बापाला मुंजा दिसायचा.
मष्णूकडं मोबाईल आहे.

भट्टीच्या धुरानंही डोकं फिरतं, असं ते पुढं बोलले
तेव्हा मालकाचा माणूस खोकला.

बिर्जे सर म्हणाले, सांबऱ्याची विमानं. ढग खाली असले
की दिवा ढगात विरघळतो, दुधात हळद तशी.
गुरवानं न विचारता अंगारा लावला: चकवा.
जांबोटीच्या रानात त्याचा चुलता
रात्रभर एकाच फणसाभोवती चालला होता,
सकाळी पायाखाली नवी वाट पडलेली.
फॉरेस्टच्या गार्डनं तोंड हुंगलं. काजूची, म्हणाला.
मष्णू पीत नाही. गार्डाला ते पटलं नाही.

मग हुबळीहून एकजण आला, कोट घालून.
डोळे मिटवायला लावून हळू आवाजात विचारू लागला,
टेबल होतं का? आठव. सुई होती का?
पहिल्या दिवशी सुई नव्हती.
तिसऱ्या दिवशी दोन होत्या.

धुरपाला, म्हणजे बायकोला, कोणी विचारलंच नाही.
ती दाराशी पदर पिळत उभी.
चार महिने डबल पाळी, ती मलाच म्हणाली,
घरात निजलेला बघितला न्हाई ह्यास्नी.
निजला असता तर कोण न्हेतंय?

रजिस्टर कन्नडात भरायचं असतं. भरते मी, चुकत नाही.
पण 'नेलं' ह्या शब्दाशी पेन थांबलं.
आमचे वडील सांगायचे, छप्पन साली
एका रात्री ते एका राज्यात निजले
आणि उठले ते दुसऱ्या राज्यात.
खाट तीच. गोठा तोच, विहिरीचं पाणी तेवढंच गोड.
त्यांच्या अंगावर कोणी सुईची खूण शोधली नाही.

सगळे गेल्यावर मी विचारलं,
कुठल्या भाषेत बोलले रे ते?
मष्णू बराच वेळ पंख्याकडं बघत राहिला.
भाषा नव्हती बाई.
नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं.
एकानं नुसता हात धरला. हा. इथं.
असाच धरून बसला.

मी बघितलं. तळव्यापासून मनगटापर्यंत भाजलेलं,
भट्टीच्या दाराचं, जुनं,
कडेला अजून ओलं.
केसपेपरवर ते कुठंच नव्हतं.
डॉक्टरांनी नाडी दुसऱ्या हाताची बघितली होती.

मलम लावलं. पट्टी बांधली. परवा ये म्हटलं.
दारातून तो परत फिरला,
दुसरी चप्पल सापडली तर
दवाखान्यात आणून देतील का, म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.